रायझन ३५०० वरून अपग्रेड: बारा थ्रेडसाठी पैसे घालू का?

फोंडा रात्रपाळी

नमस्कार. पोस्ट लांबणार आहे. अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धीच मिळतात, म्हणून सगळं लिहितो.

मी बांदोड्याचा. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात शिफ्टने कामाला आहे. मशीन २०२० मध्ये घेतलं: रायझन ५ ३५०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ (८-८ च्या दोन काड्या, पाकिटावर ३२०० लिहिलेलं), ग्राफिक कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

रात्री जेवणं आटोपली की आम्ही तिघं शाळासोबती व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. एक पुण्यात असतो, दुसरा बोटीवर. बोटीवरचा सध्या रजेवर घरी आलाय आणि चवथ (गणेशचतुर्थी) झाली की परत जाणार. नंतर सहा-आठ महिने त्याचा आवाज हेडफोनमध्ये येणार नाही, म्हणून हे मशीन मला चवथीआधी नीट करून हवंय. एकटा असलो की सायबरपंक २०७७ आणि बाल्डर्स गेट ३.

त्रास असा: फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं) आकडा चांगला दिसतो आणि खेळ मात्र हिसके देतो. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यावरून समोरचा बाहेर येतो आणि नेमकं त्याच क्षणी चित्र पापणी लवण्याइतकं थांबतं. परत हलतं तेव्हा मी मेलेलो असतो. डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडे असले की हे जास्त होतं. बाल्डर्स गेटच्या तिसऱ्या अंकात शहरात शिरलो की बाजारातून चालताना दर दोन-तीन पावलांना अडखळायला होतं.

दुसरा वापर नाटकांचा. आमच्या देवळाच्या जत्रेला गावातली मुलं नाटक करतात, मी दोन कॅमेरे लावून ते टिपतो. तीन-साडेतीन तासांचं नाटक जोडून, आवाज साफ करून, हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून बारीक फाईल काढतो आणि गावचे जे लोक बाहेरगावी आहेत त्यांना पाठवतो. रात्री लावून झोपलो तर सकाळी कामावर निघेपर्यंत चालूच असतं.

आता खरा प्रश्न, थ्रेडचा, म्हणजे प्रोसेसर एकाच वेळी किती कामं हाती धरू शकतो त्याचा. पणजीतल्या एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "तुमच्यात सहाच थ्रेड आहेत, हाच प्रॉब्लेम. बारा थ्रेडवाला घ्या, गेम डबल पळेल." घरी येऊन धाकट्या भावाला सांगितलं. तो फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, इंटेलने २०२४ मध्ये आपल्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे काम करणाऱ्या एका भागावर, दोन थ्रेड चालवायची सोय) काढूनच टाकलं, कामाचं असतं तर काढलं असतं का?

दोघंही बरोबर असणं शक्य नाही.

माझ्याकडे ओव्हरटाईमचे १५ हजार आहेत. याच बोर्डवर रायझन ५ ५६०० घालावा, की बोर्ड बदलून आय५-१२४००एफ घ्यावा, की प्रोसेसरला हात न लावता ग्राफिक कार्डासाठी अजून पैसे साठवावेत? थ्रेडची गोष्ट खरोखर किती मनावर घ्यायची, हे कोणीतरी नीट समजावून सांगा.

मडगाव १४४

५६०० घ्या. माझा २६०० होता, त्याच बोर्डवर बदलला आणि सीएस २ मधला फरक पहिल्याच मॅचला कळला. बोर्ड बदलण्यात पैसे घालू नका.

मात्र माझ्या २६०० लाही बाराच थ्रेड होते. म्हणजे मला जो फरक दिसला तो थ्रेड वाढल्यामुळे नक्कीच नाही.

म्हापसा रिपेअर

घाई नको. मडगाववाल्यांचं शेवटचं वाक्य परत एकदा वाचा, सगळी मेख तिथे आहे.

पैसे काढण्याआधी तीन गोष्टी बघून इथे लिहा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी, तिथे स्पीड किती दाखवतो? आफ्टरबर्नर (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) घालून खेळताना ग्राफिक कार्डाचा वापर किती टक्के दिसतो, तिन्ही गेमचा वेगवेगळा लिहा. आणि प्रोसेसरचा वापर एकत्र बघू नका, सहाही कोअर वेगवेगळे दाखवायला लावा. एकच कोअर पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे बसले तर एकूण आकडा १७ टक्केच दिसतो, आणि माणसाला वाटतं प्रोसेसर आरामात आहे.

आणखी एक. कॅबिनेट शेवटचं कधी उघडलं होतं? तुमच्या बाजूची लाल धूळ मी रोज बघतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये ती पावसाच्या दमटपणाने अशी थापते की फुंकून जात नाही, ब्रशने खरवडावी लागते.

फोंडा रात्रपाळी

आज दुसरी पाळी होती, आत्ता बसून बघितलं.

मेमरी स्पीड: २१३३. मी दोनदा बघितलं. काड्या ३२०० च्या आहेत.

ग्राफिक कार्ड: सायबरपंकमध्ये सतत ९७-९९ टक्के. व्हॅलोरंटमध्ये चाळिशीच्या आसपास. बाल्डर्स गेटमध्ये जंगलात ९५ च्या वर, शहराच्या बाजारात शिरलो की साठीवर उतरतं, आणि नेमके तिथेच हिसके. त्या वेळी सहापैकी पाच कोअर जवळजवळ भरलेले.

कॅबिनेट पाच वर्षांत एकदाच उघडलं होतं. फोटो टाकत नाही, पण तुम्ही म्हणता तसंच आहे.

म्हापसा रिपेअर

तर मग पाच वर्षं तुमच्या रॅमचा तिसरा हिस्सा वेग वापरलाच गेला नाही. ज्याने मशीन जोडलं त्याने बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं प्रोफाइल, चालू केलं नाही. बोर्ड आपण होऊन ३२०० वर जात नाही, साध्या वेगावर उठतो. बायोसमध्ये जा, एक्सएमपी नाहीतर डीओसीपी असं काहीतरी असेल, ते प्रोफाइल निवडा आणि सेव्ह करा. फुकटचं काम आहे. आधी ते करा, धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदला, आणि दोन दिवस खेळा.

आता थ्रेडचं. मी २००३ पासून या कामात आहे, त्यामुळे ही गोष्ट पहिल्यापासून बघितली आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये ३.०६ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ हायपरथ्रेडिंग घेऊन आला. एकच कोअर, पण विंडोजला दोन दिसायचे. एएमडीने हीच सोय एसएमटी नावाने २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर दिली. नावं दोन, वस्तू एक.

ती काय करते ते शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात दिसेल. मासळी साफ करून देणारी बाई बघा. तिच्याकडे आदोळी (विळी) एकच. समोर एक गिऱ्हाईक आहे, आणि इसवणाचे तुकडे जाड करू की पातळ, हे ते घरी फोन लावून विचारत बसलं. तेवढा वेळ आदोळी रिकामी. म्हणून ती शेजारी दुसरं गिऱ्हाईक घेते. पहिल्याचा फोन संपेपर्यंत दुसऱ्याचे बांगडे साफ होतात. पण दोघंही तयार उभे असले, तर आदोळी काही दोन होत नाहीत. उलट प्रत्येकाला थोडं जास्तच थांबावं लागतं.

कोअरचं असंच. रॅममधून काही मागवलं की ७०-८० नॅनोसेकंद जातात. ४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचे तेवढ्यात तीनशे ठोके वाया जातात. त्या रिकाम्या ठोक्यांत दुसऱ्या थ्रेडचं काम उरकायचं, एवढीच युक्ती. सहा कोअरचे बारा थ्रेड म्हणजे सहाच आदोळ्या आणि बारा गिऱ्हाइकं. "गेम डबल पळेल" हे त्या दुकानदाराने सांगायला नको होतं. ओव्हरटाईम करून पैसे जमवलेल्या माणसाला असं सांगून माल विकणं मला पटत नाही.

मग थ्रेडचा उपयोग कधी होतो? आदोळ्या कमी पडतात तेव्हा. २०१४ मध्ये पेन्टियम जी३२५८ फार खपला, स्वस्त आणि ओव्हरक्लॉक होणारा. दोन कोअर, दोन थ्रेड. त्याच वर्षाच्या शेवटी काही मोठे गेम असे आले की चार थ्रेड दिसल्याशिवाय सुरूच होईनात. दोन कोअरच्या आय३ मध्ये हायपरथ्रेडिंग होतं, तिथे तेच गेम उघडायचे. तिथे थ्रेड म्हणजे खेळता येणं किंवा न येणं. नंतर चार कोअरवाल्यांची पाळी आली. २०११ चे आय५-२५००के आणि आय७-२६००के आठवत असतील. दोघांत चारच कोअर, आय७ मध्ये आठ थ्रेड. घेतले तेव्हा गेममध्ये फरक जवळजवळ नव्हता, आणि आम्ही सगळे सांगायचो, आय५ घ्या, पैसे वाचवा. सहा-सात वर्षांनी तेच आय५ हिसके देत माझ्या टेबलावर यायला लागले, आणि आय७ वाले अजून खेळत होते. त्या वेळी दिलेला सल्ला त्या वर्षापुरता बरोबर होता, एवढंच म्हणेन.

याच्या उलट बाजूही बघा. २०१८ चा आय७-९७००के: आठ कोअर, आठ थ्रेड, हायपरथ्रेडिंग नाही. त्याच्या आधीच्या ८७००के मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड. बहुतेक गेममध्ये ९७००के मागे पडला नाही. खऱ्या आदोळ्या पुरेशा असल्या की जोडगिऱ्हाइकाची गरज उरत नाही.

तुमचा ३५०० मधोमध बसतो. सहा कोअर, सहा थ्रेड. आजचा मोठा गेम, वर डिस्कॉर्ड, वर ब्राउझर, म्हणजे काठोकाठ. त्यामुळे ५६०० चे जादा सहा थ्रेड तुम्हाला थोडे उपयोगी पडतील. पण खरा फायदा दुसरीकडून येणार, आणि त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, कारण खोक्यावर तो आकडा मोठ्या अक्षरात नसतो.

ती कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. ३५०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅशे एकूण १६ एमबी, तीही वाटलेली. त्यात कोअरचे दोन गट असतात आणि प्रत्येक गटाची कॅशे वेगळी. एका गटातल्या कोअरला दुसऱ्याचं काही हवं असलं की लांबचा फेरा. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबीभोवती बसतात. मासळीची टोपली बाईच्या पायाशीच आहे, दर वेळी जेटीवर माणूस पाठवायला नको. त्यात कोअरही नव्या घडणीचा. त्याच घड्याळात १९ टक्के जास्त काम होतं असं एएमडीने ही पिढी आणताना सांगितलं होतं. घड्याळसुद्धा ४.१ वरून ४.४ वर जातं. बाल्डर्स गेटच्या बाजारात जे अडतंय ते इथे सुटेल.

सायबरपंकमध्ये मात्र प्रोसेसर बदलून फार काही होणार नाही. कार्ड ९९ टक्क्यांवर आहे, तिथे अडतंय ते कार्ड. १२४००एफ चांगला प्रोसेसर आहे, पण तुमचे निम्मे पैसे बोर्डात जातील आणि हाती साधारण तेवढंच येईल.

म्हणून माझं मत: एक्सएमपी, साफसफाई, आणि मग ५६००. उरलेले पैसे कार्डासाठी बाजूला ठेवा.

घरी करणार असाल तर दोन गोष्टी जीव तोडून सांगतो. बोर्डाचा बायोस आधी नवा करा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नाहीतर ५६०० घातल्यावर पडदा काळाच राहील. आणि हे काम यूपीएसवर करा. या दिवसांत लाईट केव्हा लपकेल सांगता येत नाही, आणि बायोस लिहिताना मधेच गेली तर बोर्ड मेला समजा. जुलैत असे दोन-तीन बोर्ड माझ्याकडे येतातच. दुसरं, या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. पाच वर्षांची वाळलेली पेस्ट असते, कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा आणि कूलर जाग्यावरच हळूहळू डावी-उजवीकडे फिरवा. चिकटलेलं सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला.

पर्वरी कोड

रिपेअरवाल्यांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त भावाच्या मुद्द्याला उत्तर राहिलं, आणि तो मुद्दा वाया जाऊ नये असा आहे.

इंटेलने ऑक्टोबर २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत हायपरथ्रेडिंग ठेवलं नाही, हे खरं. पण रिकामी जागा सोडली नाही. २०२१ च्या बाराव्या पिढीपासून त्यांच्याकडे दोन प्रकारचे कोअर आहेत, मोठे आणि लहान. कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये ८ मोठे, १६ लहान, आणि थ्रेड नेमके २४. जे जादा काम आधी मोठ्या कोअरच्या फटीत घुसवायचे ते आता लहान कोअरना देतात. एका कोअरमध्ये दोन थ्रेड सांभाळायचे तर दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी लागते, त्याला चिपवर जागा लागते, वीज लागते. लहान कोअर हाताशी असताना ती जागा तिथे खर्च करावी असं त्यांना वाटलं नाही. त्यामुळे "इंटेलने काढलं म्हणजे निरुपयोगी" हा निष्कर्ष सहा कोअरच्या रायझनला लागू होत नाही. तिथे लहान कोअर नाहीतच.

याच्याहून बोलकं उदाहरण एक्सबॉक्स सिरीज एक्सचं. त्यात तुमच्याच पिढीचे आठ झेन २ कोअर आहेत. गेम बनवणाऱ्याला निवड दिलेली: एसएमटी बंद ठेवलीत तर कोअर ३.८ गिगाहर्ट्झवर, चालू ठेवलीत तर ३.६ वर. म्हणजे जादा थ्रेड फुकट नाहीत, वेगात किंमत मोजावी लागते, आणि ती मोजायची का हे गेमवर ठरतं.

गेमची अडचण अशी की कामं सारखी वाटता येत नाहीत. चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) आठवा. लाटायला चार जणी, सारण भरायला तीन जणी बसवता येतात, पण तळणीची काहील एक आणि तिच्याजवळ माणूस एक. व्हॅलोरंटमध्ये ती काहील म्हणजे गेमचा मुख्य थ्रेड. बारा काय, चोवीस थ्रेड द्या, तळणीचा वेग तोच. तिथे एका कोअरचा वेग, कॅशे आणि रॅम एवढंच कामाला येतं. मोठ्या शहरांच्या गेममध्ये लाटणाऱ्याही कमी पडतात, म्हणून तिथे थ्रेड थोडे उपयोगी. आणि गेम पहिल्यांदा उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतो तेव्हा सगळे थ्रेड भरून चालतात, तो वेळ नक्की कमी होईल.

बघताना सरासरी फ्रेम बघू नका. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला ६.९ मिलिसेकंद मिळतात. शंभरातली एक फ्रेम जरी ४० मिलिसेकंद घेऊन आली तरी सरासरी जेमतेम हलते, आणि तुम्ही मात्र कोपऱ्यावर मरता. फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागलेल्या वेळाची) रेघ लावून ठेवा, हिसका तिथे सुईसारखा वर उठलेला दिसतो.

नाटकांचं मात्र वेगळं. हँडब्रेकमधलं एक्स२६४ (प्रोसेसरवर व्हिडिओ बारीक करणारं एन्कोडर) सगळे थ्रेड मनापासून वापरतं. दुकानदाराच्या बोलण्यात खरं काही असेल तर ते तुमच्या जत्रेच्या नाटकाला लागू आहे. घाईत असलात तर एनव्हेंक (तेच काम करणारा ग्राफिक कार्डातला भाग) निवडा, तुमच्या १६६० सुपरमध्ये तो चांगला आहे. फक्त तेवढ्याच आकाराच्या फाईलमध्ये चित्र किंचित कमी साफ येतं. रंगमंचावरच्या काळ्या पडद्याजवळ ते दिसतं.

फोंडा रात्रपाळी

दहा दिवसांनी लिहितोय. सगळं झालं.

आधी फक्त एक्सएमपी चालू केलं आणि धूळ काढली. त्या एका दिवसात व्हॅलोरंटमधले निम्मे हिसके गेले. मला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. पाच वर्षं ही काडी माझ्याच घरात होती आणि एक कळ कोणी दाबली नव्हती. मग ५६०० मागवला. बायोस रविवारी सकाळी केला, यूपीएसवर, आणि तरीही तो पट्टा शंभरला पोचेपर्यंत खुर्चीवर बसवलं नाही. बाहेर धो धो पाऊस. आईने दिवे लपकतायत म्हणून देवाजवळ निरंजन लावून ठेवलं होतं.

कूलर तुम्ही सांगितलं तसाच फिरवला. तिसऱ्या हिसड्याला बारीक टक् असं झालं आणि सुटला. प्रोसेसर सॉकेटमध्येच राहिला.

मग भाऊ म्हणाला, आता बायोसमध्ये एसएमटी बंद करून बघू, नाहीतर आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून दोन रात्री आम्ही दोघांनी तेवढंच केलं. एकदा बारा थ्रेड, एकदा सहा. तोच गेम, तोच सेव्ह, तीच वाट.

व्हॅलोरंट आणि सीएस २: आम्हा दोघांना ओळखता आलं नाही. भावाने मला न सांगता बदलून बसवलं, मी दोनदा चुकीचं सांगितलं.

बाल्डर्स गेटचा बाजार: सहा थ्रेडवरसुद्धा ३५०० पेक्षा कितीतरी गुळगुळीत. म्हणजे जे सुधारलं त्यातलं बहुतेक थ्रेडमुळे नव्हे, रिपेअरदादांनी सांगितलं तसं कॅशे आणि कोअरमुळे. बारा थ्रेड केल्यावर फ्रेमटाइमच्या रेघेवरच्या सुया आणखी थोड्या कमी झाल्या, तेही डिस्कॉर्ड आणि ब्राउझर उघडे ठेवले तेव्हा. दोन्ही बंद करून खेळलो तर फरक दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही.

सायबरपंक: जिथल्या तिथे. कार्ड ९९ टक्के.

नाटक: इथे फरक दिसला. मागच्या जत्रेच्या नाटकाचा पहिला अंक दोनदा हँडब्रेकमधून काढला. बारा थ्रेडवर साधारण एक चतुर्थांश वेळ वाचला. एनव्हेंकही करून बघितलं, पण पर्वरीच्या साहेबांनी सांगितलं ते बरोबर आहे. शेवटच्या प्रवेशात आमचा नायक काळ्या पडद्यापुढे उभा राहून बोलतो, तिथे त्याच्या डोक्याभोवती चौकटी दिसल्या. त्या मुलाने ते स्वगत दोन महिने पाठ केलंय. ती फाईल मी पाठवणार नाही, रात्रभर लागली तरी एक्स२६४ नेच काढणार.

एसएमटी चालूच ठेवली आहे.

काल आम्ही तिघं खेळलो. बोटीवरचा माझ्याच घरी आला होता, लॅपटॉप घेऊन. पुण्याचा हेडफोनवर. रात्री दीडला लाईट गेली आणि आम्ही अंधारात तसेच बोलत बसलो, यूपीएस पीं पीं करत होता.

सगळ्यांना देव बरें करूं. आता एकच विचारायचं राहिलं. एसएमटी बंद-चालू करताना तापमान बघितलं, तर हँडब्रेकमध्ये बारा थ्रेडवर सहापेक्षा पाच-सहा अंश जास्त येतं, ८३ पर्यंत. खोक्यातलाच कूलर आहे. चालेल का, की पेस्ट कमी-जास्त झाली?

म्हापसा रिपेअर

चालेल. कोअर रिकामे बसत नाहीत म्हणून गरम होतात, आणि ५६०० ला ९० पर्यंत मुभा आहे. गेममध्ये किती येतं ते बघा, ७५ च्या खाली असलं तर कूलरला हात लावू नका.

पेस्ट वाटाण्याएवढी घातली होतीत ना? मग विषय नाही. पाऊस संपला की ऑक्टोबरात एकदा पंखा आणि हीटसिंक ब्रशने साफ करा, आणि कॅबिनेट खिडकीपासून हातभर आत सरकवा.